दोन आठवड्यांनंतरची कावीळ

काविळीच्या डोळ्यांना सारे जग पिवळे दिसते, असे आपण म्हणतो. तान्ह्या बाळाच्या बाबतीत मात्र पिवळ्याहून पांढऱ्या रंगाची धास्ती अधिक बाळगावी.

पुष्कळ नवजात बालकांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कावीळ होते व दोन आठवड्यांत ओसरते. माझ्या भाचीच्या मुलीची महिना उलटला तरी गेली नाही. बाळ अंगाने चांगले होते, म्हणून कोणी कोवळे ऊन सुचवले, कोणी काविळीची माळ. पण माझ्या थोरल्या बहिणीचे लक्ष लंगोटांकडे होते. लघवीचे गडद पिवळे डाग पडत होते आणि शी खडूसारखी पांढुरकी होती. तिने तो लंगोटच डॉक्टरांपुढे नेऊन ठेवला.

शीला पिवळा रंग येतो तो पित्तामुळे. यकृतातून आतड्यात पित्त नेणाऱ्या नळ्या बुजल्या, की ते आतच तुंबते आणि यकृत हळूहळू निबर होते. यावर जपानचे शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी १९५०च्या दशकात शस्त्रक्रिया शोधून काढली. बुजलेल्या नळ्या काढून आतड्याचा एक भाग थेट यकृताला जोडायचा. बाळ ६० दिवसांचे होण्यापूर्वी ती झाली, तर पित्त वाहू लागण्याचा संभव अधिक. तैवानात २००४पासून मातांना शीच्या रंगांचे चित्रपत्रक देशभर देऊ लागले, ते याचसाठी.

आमच्या नातीची शस्त्रक्रिया ५२व्या दिवशी झाली. आज ती चार वर्षांची आहे. पण शस्त्रक्रियेने सारे संपत नाही. पित्त कमी पडले, की स्निग्ध पदार्थ नीट पचत नाहीत आणि त्यांच्यासंगे अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वेही वाया जातात. 'ड' उणे पडले तर मुडदूस. 'के' उणे पडले तर रक्त गोठत नाही, मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून ती औषधातून द्यायची. पित्तावाचूनही बरेचसे शोषले जाणारे एमसीटी तेल भाची डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने मुलीच्या भातात घालते. अशा मुलांना इतरांहून अधिक उष्मांक लागतात. कित्येकांना रात्रभर झोपू न देणारी खाज सुटते. तिच्यावरही औषधे आहेत. ताप आला तर मात्र घरगुती काढा नको, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पित्तमार्गाला जंतुसंसर्ग झालेला असू शकतो.

इतके करूनही यकृत थकलेच, तर यकृतरोपणाचा मार्ग उरतो. भारतात बालकावरील पहिले यशस्वी रोपण १९९८ साली दिल्लीत झाले. आता आईच्या वा बापाच्या यकृताचा तुकडाही मुलाला जीवदान देतो.

तेव्हा आयाबायांनो, दोन आठवड्यांनंतरही बाळाचे डोळे पिवळे असतील, तर रक्तातील एकूण व 'डायरेक्ट' असे दोन्ही बिलिरुबिन तपासून घ्या. शी पांढुरकी दिसली, तर तेवढ्या दिवसांचीही वाट पाहू नका. लंगोटाकडे पाहायला लाजू नका. बाळाला बोलता येत नाही, ते तिथेच सांगत असते.