खोकताना लघवी सुटते? त्यावर व्यायाम आहे

विषय नाजूक आहे. काहींना स्मरणिकेत तो वाचून संकोच वाटेल. तरी लिहितो, कारण गप्प बसण्यानेच हा त्रास वाढला आहे.

खोकला, शिंक आली किंवा पाण्याचा हंडा उचलला की नकळत लघवी सुटते, अशी अनेक भगिनींची तक्रार असते. पाली-उत्तनला मासळीची टोपली उचलणारी बाई असो, की भाईंदरहून लोकलने नोकरीला जाणारी, "बाळंतपणानंतर असे व्हायचेच" म्हणून ती सोसते. लग्नकार्याला जाणे टाळते, पाणी कमी पिते. त्याने लघवी दाट होऊन मूत्राशयाला उलट त्रासच होतो.

दोष वयाचा नाही, बहुधा स्नायूंचा असतो. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय व गर्भाशय तिच्या आधाराने राहतात. बाळंतपण, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, वाढलेले वजन यांनी ही झोळी सैल पडते आणि पोटावर दाब येताच लघवीचा मार्ग नीट मिटत नाही.

सैल पडलेला स्नायू व्यायामाने बळकट होतो. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये या व्यायामावर लेख लिहिला. लघवी आणि वारा दोन्ही एकदम रोखल्याप्रमाणे स्नायू आत व वर ओढावेत, काही सेकंद धरावेत आणि पूर्ण सैल सोडावेत. श्वास चालू ठेवावा. पोट, मांड्या आवळू नयेत. एका वेळी निदान ८ वेळा, दिवसातून ३ वेळा, असे किमान ३ महिने. आठवड्यात गुण नाही म्हणून सोडून देणाऱ्याच जास्त! खोकण्यापूर्वी, ओझे उचलण्यापूर्वीही स्नायू आवळावेत. मात्र लघवी करताना धार अडवून रोज सराव करू नये.

एकाएकी घाई होऊन वाटेतच लघवी होणे हा प्रकार वेगळा. त्यात दोन वेळांमधले अंतर हळूहळू वाढवायला शिकवतात.

आपण योग्य स्नायू आवळतो का, हे फिजिओथेरपिस्ट तपासून सांगतात. मुंबईत केईएम, नायर, शीव या रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग आहेत. बारावी सायन्सच्या विद्यार्थिनींनी तिथल्या बीपीटी अभ्यासक्रमाचीही चौकशी करावी. जळजळ, लघवीत रक्त, अंग बाहेर येणे किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना भेटावे. तिथे लाजून "कंबर दुखते" सांगू नये. "खोकताना लघवी सुटते" एवढे एकच वाक्य पुरते.