पाइप बेंडर: घरी बनवावा की विकत घ्यावा?

चांदूर बाजार हा संत्र्याच्या पट्ट्यातला तालुका. रोपवाटिकेच्या शेडनेटची कमान, ट्रॅक्टरची छत्री, फाटकाची वरची गोलाई, जिन्याचा कठडा, या सगळ्यांसाठी इथल्या वेल्डिंगच्या दुकानांत पाइप वाकवावा लागतो. त्यातूनच वाद सुरू होतो. एक म्हणतो, भंगारातले चॅनल आणि एक जॅक असला की बेंडर घरीच होतो, पैसे कशाला घालवायचे? दुसरा म्हणतो, घरच्या जुगाडावर काम बिघडते, मशीन विकतचेच हवे. दोघांचेही अर्धेच बरोबर आहे. बनवायचा की घ्यायचा, हे खिसा पाहून ठरत नाही. पाइप किती जाडीचा आहे आणि तो किती तंग वाकवायचा आहे, यावर ते ठरते.

सगळ्यात पक्का गैरसमज असा की वाकवणे म्हणजे नुसती ताकद. दहा टनांचा जॅक लावला की झाले. पण पाइप वाकतो तेव्हा त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. हा ताण किती, ते ढोबळमानाने काढता येते: पाइपाच्या बाहेरच्या व्यासाच्या निम्म्याला वाकाच्या त्रिज्येने भागायचे. एक इंची पाइपाचा बाहेरचा व्यास 33.7 मिमी असतो. त्याचा 6 मीटरचा अख्खा नग अर्धवर्तुळात वाकवला तर साधारण 3.8 मीटर रुंदीची कमान होते, त्रिज्या 1.9 मीटर. इथे बाहेरची बाजू एक टक्काही ताणली जात नाही. तोच पाइप कठड्याच्या कोपऱ्यासाठी 100 मिमी त्रिज्येत वाकवला, तर ताण 17 टक्क्यांच्या आसपास जातो. पहिल्या कामात पाइप आपला गोलपणा सहज टिकवतो. दुसऱ्यात डायच्या, म्हणजे वाकवण्याच्या साच्याच्या, खाचेने त्याला दोन्ही अंगांनी घट्ट धरले नाही, तर तो चपटा होतो किंवा आतून सुरकुती पडते. जॅक मोठा केल्याने हे टळत नाही, उलट पाइप लवकर चेपतो.

दुसरा घोळ मापाचा. पाण्याच्या पाइपाला आपण ‘एक इंची’ म्हणतो, पण ते नाममात्र माप आहे. बाहेरून तो सव्वा इंचाहूनही थोडा जास्त भरतो. फर्निचरच्या नळीला मात्र एक इंच म्हटले की बाहेरून 25.4 मिमीच. त्यामुळे पाइपाच्या डायमध्ये ही नळी सैल बसते आणि चेपते. जाडीचेही तसेच. मध्यम वर्गातला एक इंची पाइप 3.2 मिमी जाड असतो, तर 16 गेजची नळी सुमारे 1.6 मिमी. दुकानात मिळणारा साधा हायड्रॉलिक बेंडर जाड पाइपासाठी असतो. दोन टेकूंवर पाइप ठेवून मधून डाय ढकलणे ही त्याची रीत. पातळ नळी त्यात घातली तर ती चपटीच होणार. म्हणजे विकतचा बेंडर आणला की काम आपोआप अचूक होते, हाही गैरसमजच.

मग घरी बनवावा तरी काय? तीन रोलरचा बेंडर. खाली दोन रोलर, वर एक, वरचा थोडा थोडा दाबत पाइप अनेकदा मागेपुढे फिरवायचा. मोठ्या गोलाईच्या कामाला हे यंत्र पुरते, आणि चुकीला त्यात वाव आहे: गोलाई कमी पडली तर आणखी एक फेरी. दोन्ही टोकांना थोडा पाइप सरळ राहतो, म्हणून लांबी जास्त घेऊन मग कापावी. पण हे काम फुकटात होते असे समजू नये. चॅनल भंगारात मिळेल. पाइपाच्या मापाची खाच असलेले रोलर मात्र लेथवरच काढावे लागतात, आणि खरा खर्च तोच. साधा बाटली जॅक उलटा लावला तर चालत नाही, तेलाऐवजी हवा ओढतो. वरून दाबायला चुडीचा स्क्रू बरा. शिवाय एक इंचीसाठी केलेल्या सांगाड्यात दोन इंची घालू नये. मध्यम वर्गाच्या दोन इंची पाइपाला वाकवायला जवळपास चौपट जोर लागतो.

यावर कोणी म्हणेल, वाळू भरून, तापवून तंग वाकही घरी काढतातच. काढतात, पण वाळू पूर्ण कोरडी आणि ठासून भरलेली हवी. ओल राहिली तर आत वाफ कोंडून टोकाचे बूच उडू शकते. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप तर तापवूच नये. जळत्या जस्ताच्या धुराने ताप, थंडी, अंगदुखी होते आणि मुलामाही जळतो. दुसरा आक्षेप असा की आपल्याकडे वेळ आहे, मजुरी घरची आहे. खरे आहे, पण तंग वाकाला डाय, पकड आणि कोन तिन्ही जुळावे लागतात. सोडल्यावर पाइप थोडा मागे येतो, तेवढा जादा वाकवावा लागतो, आणि तो अंदाज बसेपर्यंत वाया जाणारा पाइपही खर्चातच धरायला हवा.

म्हणून निवाडा असा. कमानी, छत्र्या, मोठी गोलाई हे रोजचे काम असेल, तर रोलर बेंडर स्वतः बनवा. कठडे, खुर्च्या, तंग कोपरे वारंवार करायचे असतील, तर पाइप गुंडाळून वाकवणारा, त्या मापाच्या डायचा बेंडर विकत घ्या. आणि चार-दोन नगच हवे असतील तर दोन्ही नको, ज्याच्याकडे यंत्र आहे त्याच्याकडून वाकवून आणा. पैसे काढण्याआधी व्हर्नियर लावून मोजलेला बाहेरचा व्यास आणि जाडी, शिवाय त्रिज्या आणि नग, हे चार आकडे कागदावर लिहा. वाद तिथेच मिटेल.