दुःख टाळल्याने टळते काय?

घरातील माणूस गेले तरी शेताची कामे थांबत नाहीत. उसास पाणी द्यावेच लागते, दुभत्या जनावराची धार काढावीच लागते. यामुळे शेतकऱ्याचा शोक लवकर ओसरतो, असा एक समज आहे. आम्हास तो पुरता मान्य नाही. दिवसभर राबणारा मनुष्य ज्या विहिरीवर मृताची आठवण उभी राहते, तिकडे वर्षभर फिरकत नाही, अशीही उदाहरणे थोडी नसतात.

नेदरलँड्समधील पॉल बोएलेन व त्यांचे सहकारी यांनी २००६ साली या गोष्टीची उपपत्ती मांडली. आठवणीस सामोरे गेलो तर आपले भान सुटेल, या भयाने मनुष्य ती टाळतो; आणि टाळतो म्हणूनच ते भय खोटे असल्याचा अनुभव त्यास कधी येत नाही. दुसरा प्रकार सौम्य दिसतो, पण घातक तोही आहे. आता कशातच राम नाही, असे मानून मनुष्य बाजार, पंगत, शेजार सारे सोडतो. मग मन उभारी धरील असे काही घडावे तरी कोठून?

आणखी एक गोष्ट पुढील अभ्यासकांनी दाखविली, ती आम्हास अधिक विचारार्ह वाटते. 'त्या रात्री दवाखान्यात नेले असते तर', 'मोटर सुरू करावयास मीच गेलो असतो तर', असे रात्रंदिवस घोळविणारा मनुष्य दुःखास भिडला आहे असे दिसते. वस्तुतः तोही एक टाळण्याचाच मार्ग असू शकतो. मरण कसे टळले असते, या हिशेबात मन गुंतले की ते घडून गेले, हे मान्य करणे लांबणीवर पडते.

आमच्या रूढींत या विचारास वाट करून देण्याची सोय आहे. कोरेगाव भीमासारख्या नदीकाठच्या गावी दहाव्यास भाऊबंद व सोयरे भीमेच्या काठी जमतात. पिंडास काकस्पर्श होईना, म्हणजे कोणी वडीलधारा पुढे होऊन म्हणतो, 'तुझी लेकरे आम्ही सांभाळू, काळजी करू नकोस.' जे मनात सलत असते ते चारचौघांत उच्चारले जाते. मात्र कावळा उशिरा शिवला, तर 'माझ्यावर रोष धरून गेले' हा काटा एखाद्या विधवेच्या मनात कायमचा रुतू शकतो. अशा वेळी वडीलधाऱ्यांनी जिभेस आवर घालावा.

तरीही अष्टौप्रहर दुःखच उगाळीत बसावे, असे आमचे म्हणणे नाही. उत्रेख्त विद्यापीठातील मार्गारेट स्ट्रोब व हेंक शुट यांनी १९९९ साली प्रतिपादिले की, शोकाकुल मनुष्य कधी दुःखाकडे तर कधी कामाकडे वळतो, आणि ही येरझार हितावह असते. १९०१ साली न्यायमूर्ती रानडे निवर्तल्यावर रमाबाईंनी सुमारे वर्षभर पुण्यात एकांतवास पत्करला. पुढे १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन उभे राहिले, ते त्यांच्या पुढाकाराने. तथापि १९१० साली त्यांनी पतीच्या सहवासाच्या आठवणीही ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. काम आणि स्मरण दोन्ही चालले.

सहा महिने लोटूनही तीव्र शोक हटत नसेल व नित्याचे व्यवहार बंद पडले असतील, तर २०२२ पासून अमलात असलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार तो उपचारयोग्य विकार ठरू शकतो. सरकारी 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

खातेदाराच्या घरी हे टाळणे बहुधा सात-बाऱ्यापाशी उघडे पडते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास वर्दी द्यावयाची असते. पण बापाचे किंवा पतीचे नाव कमी करावयास हात धजत नाही. यास्तव पहिल्या दिवशी पेटीतील कागद काढून केवळ पाहावेत. रडू आले तर येऊ द्यावे. पुढच्या खेपेस भाऊबंदांतील एखाद्यास सोबत घेऊन चावडी गाठावी.