मनी प्लांट: जपणं म्हणजे नेमकं काय?

आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना मनी प्लांटशी काय करायचंय, असं काहींना वाटेल. पण एखाद्याला जपणं म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न कुंडीतही विचारता येतो.

ही वेल मूळची दक्षिण पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटावरची. रानातल्या झाडांच्या सावलीत, त्यांची खोडं धरून ती वर चढते. तिच्या गरजा आपल्याला यातूनच समजतात. घरात तिला खिडकीजवळचा उजेड हवा, पण कडक ऊन नको. उन्हानं पानं करपतात. फार अंधारात ठेवली, तर पानांवरचे पिवळे पट्टे फिके होत जातात.

आता पाणी. आपण ही वेल सहसा तहानेनं मारत नाही, मायेनं मारतो. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत चिंब राहिली की हवेची जागा पाणी घेतं, मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात. आपल्याला वाटतं, पाणी कमी पडलं. आपण आणखी घालतो! म्हणून आधी बोट दोन पेरं मातीत घालून बघावं. कोरडं लागलं तरच पाणी द्यावं. कुंडीला खाली भोक हवंच.

मग हीच वेल बाटलीतल्या पाण्यात कशी जगते? कारण ती मुळं पाण्यातच फुटलेली असतात, पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर भागवायला सरावलेली असतात. कापणी घ्यायची तर गाठीच्या जरा खाली कापावं. मुळं गाठीतूनच फुटतात. बाटलीतलं पाणी आठवड्याला बदलावं.

आणि आधार. ॲरिस्टॉटल सुप्त शक्यता आणि तिचं प्रत्यक्षात उतरणं यांत भेद करतो. त्याचं उदाहरण आपल्या दारातच असतं. कपाटावरून लोंबती सोडलेल्या वेलीची पानं लहानच राहतात. तीच वेल आंब्याच्या खोडावर चढली की पानं हातभर होतात, कडा फाटतात. वेल तीच, फरक आधाराचा. घरात काथ्या गुंडाळलेली काठी रोवून ती ओलसर ठेवली, की गाठींवरची मुळं तिला धरतात.

एक सावधगिरी: पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात. पानं चघळली तर तोंडाची आग होते. लहान मुलं आणि मांजर-कुत्र्यांपासून कुंडी दूर ठेवावी.

तेव्हा जपणं म्हणजे आपल्याला द्यावंसं वाटतं ते देणं नव्हे. समोरच्याचा स्वभाव आधी विचारून घेणं. घरी गेल्यावर झारी उचलण्याआधी मातीत बोट घालून बघा. आता प्रश्न घेऊ.