घरच्या सर्व्हरला नाव हवेच का?

समजा, दारव्ह्याच्या एका विज्ञान-शिक्षकाने घराच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवला आहे. त्याचे आकडे घरातल्या तळहाताएवढ्या संगणकात साठतात. वणी-पुसदच्या शाळांनाही ते पाहता यावेत, अशी विद्यार्थ्यांची इच्छा आहे. म्हणजे हा संगणक आता सर्व्हर होणार. अशा वेळी कोणीतरी सल्ला देतोच, "आधी डोमेन नेम विकत घ्या." ते खरोखर आवश्यक असते का?

इंटरनेटवर संगणक एकमेकांना ओळखतात ते आकडी पत्त्याने. नाव ही माणसांची सोय. आरंभी सगळी नावे व पत्ते एकाच यादीत असत. ती आवरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची आजची पद्धत मांडली. आपल्या '.इन' नावांची नोंदणी बरीच वर्षे मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेकडे होती. २००५ पासून ती 'निक्सी' पाहते. २०१४ पासून '.भारत' असे देवनागरी नावही मिळते. यंत्रणेच्या आत मात्र त्याची 'एक्सएन'ने सुरू होणारी रोमन अक्षरे होतात.

तेव्हा नाव नसले तरी सर्व्हर चालतो. वणीच्या मुलांनी ब्राउझरमध्ये आकडी पत्ता लिहिला तरी पान उघडेल. प्रश्न असा की, तो पत्ता आपला एकट्याचा आहे का?

जुन्या पद्धतीचा पत्ता ३२ बिटांचा, म्हणून एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच. ते पुरत नाहीत, म्हणून इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतात. मोठा वाडा, आत शंभर बिऱ्हाडे आणि फाटकावर एकच घरक्रमांक असावा तसे हे आहे. आपण पाठवलेल्या पत्राची नोंद फाटकावर होते, त्यामुळे उत्तर बरोबर घरी येते. पण बाहेरून आपणहून आलेले पत्र कोणाचे? ते परत जाते. विकत घेतलेले नावही फाटकापर्यंतच पोहोचवते! मी स्वतः आधी नावाचे पैसे भरले आणि हे मागाहून शिकलो.

तपासणी सोपी आहे. राउटरच्या पानावर त्याचा बाहेरचा पत्ता दिसतो. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, किंवा बाहेरच्या संकेतस्थळाला दिसणाऱ्या पत्त्याहून वेगळा असेल, तर आपण वाड्यात आहोत. मग कंपनीकडे स्वतंत्र स्थिर पत्ता मागावा. आयपीव्ही-६ चा १२८ बिटांचा पत्ताही चालतो. मात्र पाहणाऱ्याकडेही ती सोय हवी आणि राउटरवर वाट मोकळी करावी लागते. पत्ता स्वतंत्र पण बदलता असेल, तर 'डायनॅमिक डीएनएस' सेवेचे फुकट उपनाव पुरते. घरातला छोटा प्रोग्राम नवा पत्ता त्या सेवेला कळवत राहतो.

नाव खरे उपयोगी पडते ते ब्राउझरमधल्या कुलपाच्या प्रमाणपत्रासाठी. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था ते विनामूल्य देते. फुकट उपनावालाही ते मिळते. २०२५ पासून ती नुसत्या आकडी पत्त्यालाही प्रमाणपत्र देऊ लागली, पण त्याची मुदत जेमतेम सहा दिवसांची. ई-मेलचा सर्व्हर मात्र घरी ठेवण्याच्या भानगडीत पडू नये. तिथे पत्त्यावरून नाव सांगणारी उलटी नोंद लागते आणि ती पत्त्याच्या मालकाच्या, म्हणजे कंपनीच्या, हाती असते.

आणि आकडे फक्त आपल्याच शाळेच्या वर्गांत दाखवायचे असतील, तर संगणक शाळेतच ठेवावा. १९२.१६८ ने सुरू होणारा अंतर्गत पत्ता पुरतो. इंटरनेट बंद असले तरी पान उघडते.