बागजानच्या विहिरीचे कागद



तेलविहीर म्हटले की आपल्याला समुद्रातले ‘बॉम्बे हाय’ आठवते. आसामात मात्र तेल चहामळ्यांच्या आणि शेतांच्या मधूनच निघते. तिनसुकिया जिल्ह्यातल्या बागजान गावात ऑइल इंडिया या सरकारी कंपनीची पाच नंबरची विहीर होती. जवळच मागुरी-मोटापुंग बील आहे. बील म्हणजे पाणथळ तलाव; त्यातल्या मासळीवर कित्येक घरांची चूल पेटते. एक किलोमीटरच्या आत डिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान आहे. या भागात मोरान व मिसिंग लोक राहतात, आणि इंग्रजांच्या काळात छोटा नागपूरहून चहामळ्यांवर नेलेल्या आदिवासींची नातवंडे-पतवंडेही.

27 मे 2020 रोजी या विहिरीची दुरुस्ती चालू होती. दाब रोखण्यासाठी विहिरीच्या तोंडावर एक अवजड झडप बसवतात. ती काढायची असेल, तर त्याआधी आत भरलेले सिमेंट पुरते घट्ट होऊन तपासलेले असावे लागते. बागजानला झडप काढलेली होती, आणि खालचा वायू उसळून बाहेर आला. त्याच्याबरोबर उडालेला तेलकट द्रव केळीवर, बांबूवर, चहाच्या झाडांवर बसला. बीलमध्ये मासे मेले, एक डॉल्फिनही मेलेला सापडला. 9 जूनला विहिरीने पेट घेतला. अग्निशमन दलाचे दोन जवान गेले, घरे जळाली, आणि ऐन कोरोनात हजारो माणसे छावण्यांत दाटीने राहिली. आग विझायला 15 नोव्हेंबर उजाडला.

आता कायद्याचे. अशा कामाला एक नव्हे, दोन वेगळ्या परवानग्या लागतात आणि घोळ नेमका इथेच होतो. पहिली पर्यावरण मंजुरी. मोठ्या प्रकल्पांना ती केंद्र सरकार देते. दुसरी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. ती 1974 च्या जल आणि 1981 च्या वायू प्रदूषण कायद्याखाली चालवण्याआधी घ्यावी लागते, आणि त्या वेळी उभारणीआधीही एकदा घ्यावी लागत असे. पहिली हातात आहे म्हणून दुसरी चुकत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने निवृत्त न्यायमूर्ती कटकी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विहिरीला ही दुसरी संमती नव्हती, असे समितीने त्याच वर्षी जुलैमध्ये सांगितले. तोवर इतकी वर्षे विहीर चालूच होती! आसामच्या मंडळाने जूनमध्ये काम बंद करण्याची नोटीस काढली, ती काही दिवसांत मागेही घेतली. मला या प्रकरणात सर्वांत जास्त खटकते ते हेच. आग अपघाताने लागते. कागद मात्र कोणीतरी पाहायचा होता, तो पाहिला गेला नाही.

आणखी एक गोष्ट. 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पाआधी जनसुनावणी घ्यावी लागते. पण जानेवारी 2020 मध्ये, म्हणजे बागजानच्या चार महिने आधी, तेल व वायूच्या शोधासाठीच्या खोदाईला त्यातून सूट मिळाली. प्रत्यक्ष उत्पादनाला ती सूट नाही. शोधासाठी खोदलेल्या भोकातूनही वायू उसळू शकतो, हे सूट देणाऱ्यांना ठाऊक नसेल असे वाटत नाही.

आपल्या पाड्यांजवळ तेलविहिरी नाहीत, पण खाणी आणि कारखाने येतात, आणि त्यातल्या मोठ्यांना हीच अधिसूचना लागू आहे. सुनावणीची सूचना निदान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात, त्यातही एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात, छापावी लागते. प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेत जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो. सुनावणीला जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी बसतो. गावकऱ्यांनी काय म्हटले ते लिहून घ्यावे लागते आणि शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागते. लोक कमी आले म्हणून सुनावणी रद्द होत नाही. तेव्हा पेरणीचे दिवस असले तरी घरटी एक माणूस तिथे पाठवा, आणि वाचून दाखवलेल्यात आपले म्हणणे आले आहे की नाही, हे ऐकूनच त्याला उठायला सांगा.