टँकमधलं झाड कुजतंय? औषधाची बाटली आधी खाली ठेवा!

फिशटँकमध्ये हौसेनं नवं झाड लावावं आणि आठवड्याभरात त्याचा लगदा व्हावा! मग धावाधाव सुरू: हे औषध, ते औषध, शेजारच्या हौशी काकांचा सल्ला. गंमत अशी, की टँकमधल्या झाडांचे बरेचसे 'रोग' मुळात रोगच नसतात.

सगळ्यात नखरेल पात्र म्हणजे क्रिप्टोकोरिन. पाणी बदललं, दिवा बदलला, जागा हलवली, की बाईसाहेबांची पानं आधी पारदर्शक होतात आणि मग चक्क विरघळतात. हौशी मंडळी याला 'क्रिप्ट मेल्ट' म्हणतात. घाबरू नका. पानं गेली तरी मुळं सहसा जिवंत असतात आणि काही आठवड्यांत नवे कोंब येतात. कुजकी पानं कात्रीनं कापा, गाळ सायफननं ओढून घ्या आणि झाड उपटू नका. उपटून दुसरीकडे लावलंत, तर नाटकाचा दुसरा अंक सुरू! या कुळातली क्रिप्टोकोरिन स्पायरॅलिस आपल्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांकाठी रानोमाळ उगवते, आणि आपण मात्र टँकसाठी पैसे मोजून क्रिप्ट आणतो.

दुकानातून आणलेलं झाड पहिल्या पंधरवड्यात पानं टाकतं, त्याचं कारण आणखी मजेदार. ही झाडं नर्सरीत बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. हवेत वाढलेलं पान पाण्याखाली नीट काम करत नाही. झाड ते टाकून देतं आणि पाण्यात चालणारी पातळ पानं काढतं.

खरी कूज बघायची असेल तर अनुबियासकडे वळा. याचं आडवं खोड, म्हणजे रायझोम, बोटानं दाबून पाहा. निरोगी खोड टणक लागतं. कुजलेलं पिकल्या केळ्यासारखं दबतं, घाण वास मारतं आणि हात लावताच पान देठासकट हातात येतं. इथे दयामाया नको. स्वच्छ, धारदार ब्लेड घ्या आणि कापलेला भाग आतून टणक दिसेपर्यंत कापत जा. दोन-तीन पानांचा धड तुकडा उरला तरी पुरे, फक्त तो काही दिवस वेगळ्या भांड्यात ठेवा. बऱ्याचदा गुन्हेगार आपणच असतो, कारण रायझोम वाळूत पुरलेला असतो. मुळं वाळूत गेली तर चालतील, रायझोम वरच हवा. लाकडाला किंवा दगडाला दोऱ्यानं बांधा, नाहीतर फेविक्विकसारख्या सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाचा थेंब लावा. हा गोंद ओलाव्यानंच घट्ट होतो.

जावा फर्नच्या पानामागे रांगेत काळे-तपकिरी ठिपके दिसले? बुरशी समजून पान कापू नका. ते बीजाणूंचे पुंजके! त्याच पानावर पुढे मुळांसकट चिमुकली रोपं लटकताना दिसतील.

भोकं जुन्या पानांना पडली तर पोटॅशियमची कमतरता तपासा. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोहाची. आणि गोगलगायीवर आळ घेऊ नका. टँकमधल्या छोट्या गोगलगायी मुख्यतः कुजलेलंच खातात. ती आरोपी नव्हे, सफाई कामगार.

पानांच्या कडांवर दाढीसारखं वाढणारं काळं शेवाळ प्रत्यक्षात लाल शेवाळांच्या कुळातलं आहे. मेलं की खरा रंग उघड होतो, गुलाबी-लाल! निळसर हिरवी, वासाची, बुळबुळीत चादर तर शेवाळच नव्हे. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. म्हणून काही जण टँकमध्ये अँटिबायोटिक ओततात. माझं मत विचाराल तर हा शुद्ध आचरटपणा आहे. हातानं चादर काढा, पाणी बदला, तीन दिवस टँक झाकून अंधार करा.

'लिक्विड कार्बन' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच बाटल्यांत ग्लुटाराल्डिहाइड असतं. इस्पितळात उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात, तेच. शेवाळ मरतं खरं, पण बारावीच्या जीवशास्त्रातली आपली व्हॅलिस्नेरियाही त्यात वितळू शकते.

आणि लकी बांबू? तो बांबू नाही आणि पाणवनस्पतीही नाही. पूर्ण बुडवलात तर कुजणारच. त्यावर औषध एकच: पानं पाण्याबाहेर काढा.

शेवटी एक विनंती. कापलेले तुकडे गटारात, नाल्यात किंवा तळ्यात टाकू नका. शाळेच्या प्रयोगात बुडबुडे सोडणारी हायड्रिला 1950च्या दशकात अ‍ॅक्वेरियमच्या व्यापारातून अमेरिकेत, फ्लोरिडात पोचली आणि तिथले जलमार्ग तुंबवून बसली. तिच्या छोट्याशा तुकड्यापासूनही नवं झाड होतं. तेव्हा तुकडे आधी उन्हात कडकडीत वाळवा आणि मगच कुंडीत घाला.